गिथयांकी नुसते तलवारबाज वाटत असतील तर

प्रश्न असा आला आहे. जुळे सोलापुरात दर रविवारी चार खेळाडू आणि एक डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, टेबलाभोवती बसून डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून पात्रं रंगवायचा खेळ खेळतात. पात्रं पाचव्या लेव्हलला आहेत. डीएमनं जंगलात तीन गिथयांकी, म्हणजे खेळातल्या एका पिवळ्या कातडीच्या लढवय्या जमातीचे लोक, आणले, तिसऱ्या राऊंडला तिघंही आडवे झाले, आणि एक जण म्हणाला, "हे तर पिवळे ऑर्कच की!" त्यात ग्रूपमधल्या एका मैत्रिणीला पुढचं पात्र गिथयांकीच घ्यायचं आहे. ती सगळ्यांना तुच्छ लेखत बसेल आणि खेळाचा विचका होईल, अशी बाकीच्यांना धास्ती. या जमातीत मारामारीपलीकडं काही आहे का, असेल तर ते टेबलावर आणायचं कसं आणि त्यांची ती नावं उच्चारायची कशी, असं डीएमनं विचारलं आहे.

मी सोलापुरात तेरा वर्षं टेबल चालवते. त्यातल्या दोन मोठ्या कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या गोष्टी, गिथयांकींभोवतीच फिरल्या. त्यामुळं उत्तर लांबणार आहे. खाली दिलेले आकडे २०१४च्या नियमांतले आहेत.

आधी मीच एक विचारते. ते तिघं त्या जंगलात कशाला आले होते? तुमच्या पत्रात याचं उत्तर नाही, आणि माझ्या मते सगळी गडबड तिथंच झाली. ऑर्कांची टोळी रस्त्यात आडवी येऊ शकते. गिथयांकी असा वाटेत भेटत नाही. तो राहतो ॲस्ट्रल प्लेनमध्ये, म्हणजे खेळातल्या एका वेगळ्याच जगात, जिथं भूक लागत नाही आणि वय वाढत नाही. आपल्या जगात पाऊल ठेवलं की त्याचं वय पुन्हा मोजायला लागतं. म्हणजे इथं काढलेला प्रत्येक दिवस तो स्वतःच्या आयुष्यातून खर्च करतो. असा माणूस उगाच झाडाखाली उभा राहणार नाही. तो हुकूम घेऊन येतो, काम उरकतो आणि परत जातो. तो हुकूम काय आहे हे सेशनच्या आधी एका ओळीत लिहून ठेवा. खेळाडूंना तो कळला नाही तरी चालेल, त्या तिघांना मात्र तो पाठ असला पाहिजे.

हुकूम सुचण्यासाठी त्यांचा इतिहास डोक्यात पक्का लागतो, म्हणून तो सांगते. माइंड फ्लेयर, म्हणजे तोंडाला सोंडा असलेले, मेंदू खाणारे इलिथिड, यांनी एका माणसासारख्या जमातीला पिढ्यान् पिढ्या गुलाम करून ठेवलं होतं. मनाच्या बळावर चालणाऱ्या त्या मालकांच्या सहवासात गुलामांच्या मनातही तेच बळ मुरत गेलं. गिथ नावाच्या बाईनं बंड पुकारलं आणि ते जिंकलं. गोष्ट इथं संपली असती तर गिथयांकी ही एका विजयाची कहाणी राहिली असती. पण बंड जिंकल्यावर गिथ म्हणाली, आता थांबायचं नाही, एकेक इलिथिड संपवू आणि पुढची जगंही आपलीच करू. तिच्यासोबतचा झेर्थिमॉन म्हणाला, बस्स झालं, आपण मोकळे झालो, आता आपण मालक व्हायचं नाही. यावरून एकाच जमातीत यादवी पेटली. गिथच्या मागं गेले ते गिथयांकी. झेर्थिमॉनचे लोक लिंबो नावाच्या जगाच्या कल्लोळात जाऊन मठ उभारून राहिले, ते गिथझेराई. दोघांची भाषा आजही एकच आहे आणि वैरही तितकंच जुनं आहे.

पुढं गिथ मदत मागायला नऊ नरकांत उतरली, टियामॅट या ड्रॅगनांच्या देवीशी करार केला आणि परत आलीच नाही. करारानं लाल ड्रॅगन गिथयांकींचे साथीदार झाले, आणि गिथची सल्लागार व्लाकिथ राणी झाली. आज गादीवर आहे ती त्याच नावाची १५७वी, लिच, म्हणजे मरूनही न मेलेली जादूगार, होऊन बसलेली. एका मेलेल्या देवाच्या देहावर वसवलेल्या तुनरथ शहरातून ती राज्य करते, आणि आपल्याला भारी पडेल असं बळ ज्याच्यात येईल त्याचा आत्मा गिळते. मेंदू खाणाऱ्यांच्या तावडीतून सुटलेली ही जमात आता आपली सगळ्यात हुशार पोरं आत्मा खाणारीच्या हाती स्वतःहून देते, आणि तो मान समजते. मला या जमातीत जे काही सांगण्यासारखं वाटतं ते सगळं इथं आहे. तलवार, ड्रॅगन, पिवळी कातडी हे सगळं यानंतर येतं.

आपल्याकडच्या खेळाडूंना हे समजावायला फार बोलावं लागत नाही, असा माझा अनुभव आहे. मे १९३०मध्ये सोलापूरनं काही दिवस इंग्रजांचा अंमल झुगारला आणि पाठोपाठ मार्शल लॉ आला, हे चार हुतात्मा चौकातून रोज जाणाऱ्या पोरापोरींना माहीत असतं. त्या इतिहासाची या काल्पनिक जमातीशी बरोबरी मी करत नाही आणि कुणी करूही नये. पण मालक गेला, मग दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचं, हा प्रश्न आपल्या गावातल्या माणसाला परका वाटत नाही. मी कॅम्पेनच्या पहिल्या सेशनला तोच टेबलावर ठेवते. खेळाडू आपोआप दोन बाजूंना वाटले जातात, आणि गिथ व झेर्थिमॉन यांचं भांडण त्यांचं स्वतःचं होतं.

थोडं त्यांच्या जन्माविषयी, कारण ते मला फार आवडतं. गिथयांकी पहिल्यांदा छापले गेले ते १९७९मध्ये एका ब्रिटिश मासिकात. ते रचणारा चार्ल्स स्ट्रॉस तेव्हा शाळकरी वयाचा होता. १९८१च्या फिएंड फोलिओ या राक्षसांच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तलवार घेतलेला गिथयांकी झळकला. आजचे बहुतेक नवे खेळाडू मात्र २०२३च्या बाल्डर्स गेट ३ या व्हिडिओ गेममधल्या लेझेल या गिथयांकी पात्रामुळं येतात. तुमची मैत्रीणही तिथूनच आली असावी असा माझा अंदाज आहे. तिच्याकडं परत येते.

आता लढाई. तुमच्या तिघांना तुम्ही समोर उभं करून ठेवलंत, असं वर्णनावरून दिसतं. गिथयांकी वॉरियरचा चॅलेंज रेटिंग (शत्रू किती जड, तो आकडा) ३, आर्मर क्लास (वार लागायला गाठायचा आकडा) १७, हिट पॉइंट्स (जीव किती, तो आकडा) ४९. एका टर्नला मोठ्या तलवारीचे दोन वार. प्रत्येक वाराला सरासरी ९ तलवारीचं आणि ७ मनावरचं, म्हणजे सायकिक डॅमेज. दोन्ही लागले तर ३२. कॉन्स्टिट्यूशन १४ असलेल्या पाचव्या लेव्हलच्या जादूगाराचे सरासरी हिट पॉइंट्स बरोबर ३२ असतात. याचा अर्थ एक वॉरियर जादूगाराजवळ पोचला तर एका टर्नमध्ये त्याला पाडू शकतो. मग प्रश्न एवढाच की तो पोचतो कसा. दिवसातून तीनदा तो मिस्टी स्टेप करतो, म्हणजे दिसेल त्या जागी क्षणात उगवतो, बोनस ॲक्शनमध्ये (वारांखेरीज मिळणाऱ्या छोट्या कृतीत) ३० फूट. तुमचा फायटर आणि बार्बेरियन पुढं भिंत करून उभे असतील तर ती भिंत त्याच्या लेखी नाहीच. तो गायब होतो, जादूगाराच्या पाठीशी उगवतो आणि त्याच टर्नला दोन्ही वार करतो. पाचव्या लेव्हलच्या चार पात्रांना असे तीन वॉरियर पुस्तकी हिशोबानं हार्ड, म्हणजे अवघड, पडतात, डेडलीच्या, म्हणजे जीवघेण्याच्या, जरा अलीकडं. तीन राऊंडमध्ये ते संपले याचा अर्थ बहुधा एकानंही मिस्टी स्टेप वापरली नाही.

पण सगळ्यांना मारायला ते आलेले नसतात, हे विसरू नका. माझे वॉरियर दोन राऊंड लढतात, हवं ते उचलतात आणि मागं सरकतात. मागं कुठंतरी नाइट उभा असतो, चॅलेंज रेटिंग ८, जो दिवसातून एकदा प्लेन शिफ्ट करू शकतो, म्हणजे सोबतच्यांना घेऊन दुसऱ्या जगात जाऊ शकतो. सगळे हात धरून गोल करतात आणि नाहीसे होतात. खेळाडू जिवंत राहतात, पण त्यांच्या हातून काहीतरी गेलेलं असतं. पुढच्या रविवारी सगळे अर्धा तास आधी येतात.

सायोनिक्सचं, म्हणजे त्यांच्या मनाच्या बळाचं, वर्णन करताना जादूचे शब्द टाळा. मंत्र नाही, हातवारे नाहीत, राख-पिसं काही नाही. गिथयांकीचा अदृश्य मेज हँड, म्हणजे मनानं हलवायचा हात, कडी सरकवतो, कमरेची किल्ली काढतो, बाणांच्या भात्याचा बंद सोडतो, आणि तो स्वतः शांत उभा असतो. काउंटरस्पेल, म्हणजे दुसऱ्याची जादू तोडणारा मंत्र, टाकायला समोर काही घडताना दिसावं लागतं, इथं काहीच दिसत नाही. माझ्या टेबलावर एकदा पार्टीनं, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीनं, एका वॉरियरला जिवंत पकडलं, हात बांधले, तोंडात बोळा कोंबला आणि निवांत झोपली. सकाळी तो नव्हता. मिस्टी स्टेपला हातही लागत नाहीत आणि तोंडही लागत नाही. लागते फक्त नजर, कारण जिथं जायचं ती जागा दिसली पाहिजे. पुढच्या वेळी त्यांनी डोळ्यांवर पट्टी बांधली. ही युक्ती मी त्यांना सांगितली नव्हती. माझ्या एका खेळाडूनं मिस्टी स्टेपचं वर्णन पुन्हा वाचून ती शोधली, आणि त्या दिवसापासून पार्टी गिथयांकींना घाबरायला आणि समजून घ्यायला एकदमच लागली.

लढाई ॲस्ट्रल प्लेनमध्ये नेलीत तर आणखी मजा आहे. तिथं हलणं विचारानं होतं. दर राऊंडला बुद्धीच्या स्कोअरच्या तिप्पट फूट. वॉरियरची इंटेलिजन्स १३, म्हणजे ३९ फूट. तुमच्या बार्बेरियनची ८ असेल तर त्याला २४. आयुष्यभर सगळ्यांच्या पुढं धावणारा तो आडदांड गडी तिथं मागं पडतो आणि १८ बुद्धीचा जादूगार ५४ फूट जातो. खेळाडूंचे चेहरे बघण्यासारखे होतात.

आता हुकुमांचे तीन नमुने. पहिला चांदीच्या तलवारीचा, जी त्यांच्या मोठ्या योद्ध्यांकडं असते. ती पाचव्या लेव्हलला शक्यतो खेळाडूंच्या हातात देऊ नका, पण तिचा वापर गोष्ट म्हणून जरूर करा. ॲस्ट्रल प्रोजेक्शननं तिथं गेलेल्या माणसाला त्याच्या मूळ देहाशी जोडणारी चंदेरी दोरी असते. या तलवारीचा क्रिट, म्हणजे फाशावर वीस पडून लागलेला वार, बसला तर ती दोरी तुटू शकते, आणि दोरी तुटली की माणूस जागीच संपतो. अशी तलवार परक्याच्या हातात राहणं गिथयांकींना सहन होत नाही, ती परत मिळवायला ते कुठल्याही थराला जातात. मी एका कॅम्पेनमध्ये ती एका सराफाच्या तिजोरीत ठेवली होती. त्याला वाटत होतं जुनी चांदी आहे, वितळवावी. पार्टी त्या गावात पोचली तेव्हा वितळवायला दोन दिवस उरले होते आणि गिथयांकी एका दिवसाच्या अंतरावर होते. तलवार देऊन टाकायची, गाव वाचवायचं की सराफाला? त्या तीन सेशन्समध्ये एकच छोटी लढाई झाली, आणि अजून त्यांचीच आठवण निघते.

दुसरा हुकूम इलिथिड मारण्याचा. गिथयांकी पार्टीशी लढत असताना मध्येच एक माइंड फ्लेयर दिसला की ते पार्टीकडं पाठ फिरवतात. अर्धा वार हवेत सोडून. हे एकदा करून बघा. खेळाडूंना शब्दाविना कळतं की या लोकांच्या मनात वैराची उतरंड काय आहे आणि आपण त्यात किती खाली आहोत. मग दोघं मिळून इलिथिडाशी लढतात. लढाई संपल्यावरची शांतता मी घाई न करता ताणते. तलवारी अजून उपसलेल्याच असतात.

तिसरा क्रेशचा, म्हणजे त्यांच्या मुलांच्या छावणीचा. ॲस्ट्रलमध्ये वय वाढत नाही म्हणून मुलं तिथं मोठी होऊ शकत नाहीत. ती आपल्या जगात, आडबाजूला, लपवलेल्या छावण्यांत अंड्यातून बाहेर येतात आणि तिथंच लढायला शिकतात. वयात आल्यावर माइंड फ्लेयर मारला तरच त्यांना आपल्या लोकांत जायला मिळतं. माझ्या क्रेशचा नकाशा मी आपल्या भुईकोट किल्ल्यावरून काढला. दुहेरी तटबंदी, खंदक, एका अंगाला तलाव. खेळाडू तिथं लहानपणापासून फिरलेले, त्यामुळं बुरुजावरून काय दिसेल, आतल्या तटापर्यंत किती अंतर पडेल, हे मला सांगावं लागलं नाही. त्यांनी रात्री तळ्याच्या बाजूनं शिरायचं ठरवलं. आत त्यांना भेटली आठ-दहा वर्षांची पोरं, हातात लाकडी तलवारी. त्या सेशनला कुणी फासे उचलले नाहीत.

भाषेबद्दल मला तळमळीनं सांगायचं आहे. गिथयांकींना ऐतिहासिक नाटकाची मराठी देऊ नका. "मूर्ख मानवा, तुझा काळ जवळ आला आहे" असं एकदा म्हटलंत की ते रंगमंचावरचे खलनायक होतात आणि पुन्हा खरे वाटत नाहीत. माझे गिथयांकी कमी बोलतात. वाक्यं तीन-चार शब्दांची, बरीचशी आज्ञार्थी. सगळ्यांना एकेरी, म्हाताऱ्याला, राजाला, देवळातल्या पुजाऱ्यालाही. "तलवार कुठं आहे. सांग. वेळ नाही." बहुवचन फक्त राणीला. खेळाडूंना दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत लक्षात येतं की एकाच व्यक्तीचा उल्लेख करताना यांचा सूर बदलतो, आणि ती कोण हे ते स्वतःहून विचारतात. व्लाकिथची माहिती वाचून दाखवण्यापेक्षा ही वाट कितीतरी चांगली.

आणि सोलापूरच्या टेबलाला एक देणगी आहे, जी दुसऱ्या गावात सहज मिळणार नाही. माझ्या ग्रूपमध्ये पूर्व भागातले दोघं होते, घरी तेलुगू बोलणारे, दोघांच्याही घरी यंत्रमाग. एकाचं पात्र गिथयांकी, दुसरीचं गिथझेराई. त्यांची गिथ भाषा म्हणून आम्ही तेलुगू ठरवली. बाकीचे आम्ही मराठी आणि एक कन्नड घरचा, कुणालाच नीट कळायचं नाही. एका रात्री शेकोटीपाशी ते दोघं पाऊण तास तेलुगूत भांडले. बाकीची पात्रं तशीच बसून बघत होती, जशी ती खरोखर बसली असती. मलाही अर्धंच कळलं. शेवटी ती मराठीत एवढंच म्हणाली, "आम्ही दोघं एकाच आजीच्या गोष्टी सांगतोय, फक्त शेवट वेगळा आहे." तेरा वर्षांत मी ऐकलेलं ते सगळ्यात चांगलं वाक्य आहे.

आता तुमची मैत्रीण. तिला नाही म्हणू नका. तुच्छतेची भीती खरी आहे, पण ती पात्र कसं घडवता यावर अवलंबून असते. मी गिथयांकी घेणाऱ्या खेळाडूला तीन गोष्टी आधी ठरवायला लावते. तुझा हुकूम काय, तो या पार्टीशिवाय पुरा का होत नाही, आणि राणी आत्मे गिळते हे तुझ्या पात्राला माहीत आहे का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पक्कं असेल तर निम्मं काम होतं. समजा तिनं अजून माइंड फ्लेयर मारलेला नाही. एकटीनं ते जमणार नाही, कारण त्याच्या माइंड ब्लास्टमध्ये, म्हणजे मनावरच्या तडाख्यात, सापडली तर मिनिटभर सुन्न होऊन पडू शकते. म्हणजे घरी जायला तिला हीच माणसं लागणार. मग ती त्यांना हिणवेल, पण पहारा पहिला तीच घेईल. मी टेबलावर हा नियमच करून टाकला आहे: गिथयांकी पात्र टोचून बोललं की त्याच प्रसंगात पार्टीच्या उपयोगाचं एक काम करतं. "तुझी ढाल चुकीची धरतोस" म्हणायचं आणि मग उठून नीट धरायला शिकवायचं. दोन सेशन्समध्ये बाकीचे तिच्या बोलण्याची वाट बघायला लागतात.

नियमांच्या बाजूनं, २०१८च्या पुस्तकाप्रमाणं तिला स्ट्रेंग्थ २ आणि इंटेलिजन्स १ वाढून मिळते, शिवाय लाइट आणि मीडियम आर्मर. त्यामुळं चिलखत घातलेली जादूगार हा प्रकार तिला सहज जमेल. तिसऱ्या लेव्हलपासून जंप, पाचव्या लेव्हलपासून मिस्टी स्टेप. तुमची पात्रं पाचव्यालाच आहेत, म्हणजे तिला सगळं पहिल्या दिवशीच मिळतं.

एक छोटी गोष्ट मात्र खेळाडू वाचतच नाहीत. गिथयांकीला एक जास्तीची भाषा आणि एक कौशल्य किंवा अवजार निवडता येतं. कारण असं की, जिथं काळ पुढं सरकत नाही तिथं माणसं वेळ घालवायला काहीबाही शिकत राहतात. माझ्या त्या पूर्व भागातल्या खेळाडूनं विणकराची अवजारं घेतली. पात्राचं कारण त्यानं असं दिलं: "युद्ध दोन मोहिमांच्या मध्ये थांबतं. तेवढ्यात हातांना काहीतरी लागतं." धोटा कसा पळतो, ताणा तुटला तर गाठ कशी मारतात, हे तो इतकं खरं सांगायचा की बाकीचे लढाया विसरून ऐकत बसायचे. पुढं त्या पात्रानं क्रेशमधल्या एका पोराला अंगावर घ्यायला काहीतरी विणून दिलं. तुमच्या मैत्रिणीला हे नक्की विचारा: दोन हुकुमांच्या मध्ये तुझं पात्र काय करतं?

लाल ड्रॅगन पाचव्या लेव्हलला लढायला आणू नका. डोक्यावरून सावली गेली, एवढं पुरे.

राहिली नावं. गिथयांकींची नावं अडखळत्या उच्चारांची असतात, मध्ये झटका देऊन तोडायची. मराठीत तो झटका छोट्या थांब्यानं येतो. त्यांच्या कप्तानाला किथ-राक म्हणतात, तेही तसंच तोडून म्हणा. लिपीचं नाव तिर-सू, गोल चक्र आणि त्याला आरे, प्रत्येक आरा एक अक्षर. एखादं पत्र तुम्ही स्वतः काढून कागदावर खेळाडूंच्या हातात द्या. मी ते पोस्टकार्डाच्या जाड कागदावर काळ्या स्केचपेननं काढते, अर्ध्या तासात होतं.